सीट सरकतेय? पाना जरा बाजूला ठेवा

सायकल चालवताना सीट हळूहळू खाली जातेय असं जाणवलं की बहुतेकांचा हात आधी अ‍ॅलन कीकडे (बोल्ट पिळायच्या षटकोनी पान्याकडे) जातो. बोल्ट आणखी अर्धा फेरा पिळायचा, दोन दिवस बरं चालायचं, पुन्हा सीट खाली, पुन्हा अर्धा फेरा. हा खेळ मी महिनाभर खेळलोय. शेवटी एका चढावर बोल्टचं डोकं तुटून हातात आलं आणि उरलेला रस्ता पेडलवर उभं राहून घर गाठावं लागलं. घरी आल्यावर दांडा बाहेर काढला आणि पहिल्यांदाच त्याच्या खालच्या टोकाजवळ कोरलेला आकडा वाचला: २७.०. फ्रेमला हवा होता २७.२. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाची चूक, आणि मी दोष देत होतो बोल्टला.

सीट ज्या नळीवर बसते तिला कुणी सीटपोस्ट म्हणतं, कुणी सीट पिलर, कुणी नुसतंच सीटचा दांडा. फ्रेमच्या ज्या उभ्या नळीत तो उतरतो ती सीट ट्यूब. नळीच्या तोंडाशी एक उभी चीर असते आणि तिच्याभोवती पट्ट्यासारखा क्लॅम्प. बोल्ट आवळला की क्लॅम्प आकसतो, चीर मिटू लागते, नळीचं तोंड लहान होतं आणि दांडा पकडला जातो. इतकी साधी रचना आहे, म्हणूनच तिच्याकडे कुणी नीट बघत नाही.

यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप उलगडतं. दांड्याला बोल्ट धरून ठेवत नाही. त्याला धरून ठेवतं ते दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. बोल्ट फक्त ते पृष्ठभाग एकमेकांवर दाबतो. म्हणजे पृष्ठभाग नीट टेकलेच नसतील, मध्ये माती किंवा चुकीचं वंगण असेल, किंवा टेकायला पुरेशी लांबीच आत नसेल, तर बोल्ट कितीही पिळा, पकड येणार नाही. येईल तो फक्त तुटायचा दिवस.

आधी माप

सीटपोस्टचे व्यास पाहिले की वाटतं, कुणीतरी मुद्दाम गोंधळ घालून ठेवलाय. सर्वांत जास्त दिसणारं माप २७.२ मिलिमीटर. माउंटन बाइकवर आणि जाड नळ्यांच्या फ्रेमवर ३०.९ आणि ३१.६ ही मापं येतात, काही ठिकाणी ३४.९. लहान मुलांच्या आणि साध्या सायकलींवर २५.४ भेटतं. जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये तर २६.२, २६.४, २६.६ असं दोन-दोन दशांशांनी चढत जाणारं कोष्टकच असतं, कारण नळीचा बाहेरचा व्यास तोच ठेवून पत्र्याची जाडी बदलली की आतला व्यास बदलतो.

नजरेनं हा फरक कळत नाही. ३०.९ चा दांडा ३१.६ च्या नळीत सहज उतरतो, क्लॅम्प आवळला की धरल्यासारखाही वाटतो. पण नळी आणि दांडा मग पूर्ण गोलाईत टेकत नाहीत, दोन-तीन रेघांवरच टेकतात. सगळा भार त्या रेघांवर येतो, दांडा आत किंचित डुलत राहतो आणि सीट ट्यूबचं तोंड वाकायला लागतं. जुना दांडा मूळचाच असेल तर त्याच्यावरचा आकडा वाचा. खात्री नसेल तर व्हर्नियर कॅलिपरनं दांड्याचा व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. नळीचा आतला व्यास मोजायचा तर चिरेपासून खाली मोजा, कारण वर्षानुवर्षं आवळून तोंड आत दबलेलं असू शकतं.

बारीक दांडा जाड नळीत बसवायचाच असेल तर त्यासाठी तयार शिम मिळते. बरोबर मापाची पातळ नळी असते ती, वर कॉलर असलेली, आत पडू नये म्हणून. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळायची युक्ती बरेच जण सांगतात. रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत पोहोचायला ठीक आहे, त्यापुढे नाही. तो पत्रा चुरगळतो, सरकतो आणि एका बाजूला गोळा होऊन बसतो.

दांडा किती आत हवा

हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

प्रत्येक चांगल्या सीटपोस्टवर एक आडवी रेघ किंवा रेघांचा पट्टा कोरलेला असतो. शेजारी किमान खोलीची किंवा कमाल उंचीची सूचना असते. अर्थ एकच: ही रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. सायकलींसाठीचं आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की ही खूण दांड्याच्या पूर्ण गोल भागाच्या खालच्या टोकापासून निदान व्यासाच्या दुप्पट अंतरावर असली पाहिजे. २७.२ च्या दांड्यासाठी हे साधारण साडेपाच सेंटिमीटर होतं. प्रत्यक्षात बरेच उत्पादक याहून वर खूण करतात.

का, ते एका हिशेबात कळेल. सीट ट्यूब सरळ उभी नसते, मागे कललेली असते, बहुधा ७३ अंशांच्या आसपास. दांडा २० सेंटिमीटर बाहेर असेल तर सीट क्लॅम्पच्या सुमारे ६ सेंटिमीटर मागे जाते. त्यात दांड्याच्या डोक्याचा मागचा वाकडेपणा आणि आपली बसायची जागा धरून ८ सेंटिमीटर म्हणू. सीटवर ५० किलो भार पडला तर ५० गुणिले ८, म्हणजे ४०० किलो-सेंटिमीटर इतकी पीळ दांड्याला मागे उलथवायला बघते. ती कोण अडवतं? दांड्याचा आतला भाग. तो वरच्या कडेला मागे रेलतो आणि खालच्या टोकाला पुढे ढकलतो. आत १० सेंटिमीटर दांडा असेल तर दोन्ही टोकांवर साधारण ४० किलोचा रेटा येतो. आत अडीच सेंटिमीटरच असेल तर तोच रेटा १६० किलो होतो. हे नुसतं शांत बसल्यावर. खड्ड्यात चाक आपटलं की हे आकडे क्षणभरासाठी कितीतरी वर जातात.

आणि तो रेटा येतो कुठे, तर सीट ट्यूबच्या सर्वांत कमजोर जागी, जिथे चीर आहे आणि वरची आडवी नळी जोडलेली आहे. म्हणून बहुतेक फ्रेम बनवणारे आणखी एक अट घालतात: दांड्याचं खालचं टोक वरच्या आडव्या नळीच्या सांध्याच्या खाली गेलंच पाहिजे. दांड्यावरची रेघ एक खोली सांगते, फ्रेमची पुस्तिका दुसरी. दोन्हींतली जास्त असेल ती धरायची. लहान फ्रेमवर उंच माणूस बसतो तेव्हा नेमकी हीच अट मोडली जाते. उपाय लांब दांडा, रेघेकडे काणाडोळा नव्हे.

एक बारकावा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. रेघ खालच्या टोकापासून मोजलेली असते. दांडा लांब होतो म्हणून कुणी तो खालून करवतीनं कापला, तर रेघ जागच्या जागी राहते आणि खोटं बोलू लागते. सेकंडहँड सायकल घेताना दांडा पूर्ण बाहेर काढून खालचं टोक बघाच. कापल्याच्या खुणा दिसल्या तर आत किती राहतोय ते स्वतः मोजा.

उलट बाजूची चूकही होते. सीट खाली हवी म्हणून दांडा पार आत कोंबतात. सीट ट्यूबमध्ये बाटलीच्या स्टँडचे बोल्ट आत डोकावत असतात, काही फ्रेममध्ये नळी मध्येच वळते किंवा आतून निमुळती होते. दांडा अडला की तिथेच थांबा, आपटून पुढे नेऊ नका.

मध्ये काय लावायचं

धातूचा दांडा आणि धातूची फ्रेम असेल तर ग्रीस. घर्षण हवं म्हणतोय आणि ग्रीस लावा म्हणतोय, हे उलटं वाटेल. पण धातूच्या दांड्यावर क्लॅम्पचा दाब इतका असतो की ग्रीसच्या पातळ थरानं पकड ढळत नाही, आणि त्या थराचं काम वेगळंच आहे. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या नळीत असला आणि मध्ये घामाचं किंवा पावसाचं खारट पाणी शिरलं की त्या जोडीची छोटीशी बॅटरीच तयार होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये वीज वाहून नेणारं पाणी. यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. नळीत जागा आधीच नसते, त्यामुळे ती पाचरीसारखी ठासली जाते. वर्ष-दोन वर्षं दांडा हलवला नाही तर तो फ्रेमशी एकजीव होऊन बसतो. ग्रीस पाणी बाहेर ठेवतं, एवढंच तिचं काम. टायटॅनियमच्या फ्रेमसाठी साध्या ग्रीसपेक्षा अँटी-सीझ पेस्ट (धातू एकमेकांत अडकू न देणारी) बरी.

कार्बनचा (म्हणजे कार्बन फायबरचा) दांडा किंवा कार्बनची फ्रेम असेल तर मात्र ग्रीस नको. तिथे बोल्ट कमी आवळायचा असतो, त्यामुळे वंगणानं दांडा हमखास सरकतो. त्यासाठी कार्बन पेस्ट मिळते. बोटांत घेतली की बारीक रवाळ लागते. ते कण दोन्ही पृष्ठभागांमध्ये रुततात आणि कमी दाबात पकड देतात. कार्बनच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा असला तरीही हीच पेस्ट. कार्बनही वीज वाहून नेतो आणि त्याच्या शेजारी झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच, त्यामुळे ‘कार्बनला गंज लागत नाही’ म्हणून निश्चिंत राहू नका.

बसवताना आधी नळीचं तोंड आतून कोरड्या फडक्यानं पुसा, जुना मळ काढा. चिरेच्या कडांना धातूचे बोचरे कण राहिले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, विशेषतः कार्बनचा दांडा घालणार असाल तर. तो कण कार्बनवर ओरखडा काढतो आणि त्याच ओरखड्यापासून पुढे तडा जातो. चिरेच्या तळाशी बहुधा एक छोटं गोल भोक दिसतं. ते शोभेचं नाही. टोकदार चीर असती तर सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटून फ्रेम तिथूनच फाटली असती. गोलाईमुळे तो ताण पसरतो. सायकल धुताना त्या भोकाभोवती नजर फिरवा. फ्रेमच्या तड्यांना तिथूनच सुरू व्हायला आवडतं.

किती आवळायचं

क्लॅम्पवर बारीक अक्षरात टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडा असतो, बहुधा ५ ते ७ न्यूटन मीटरच्या दरम्यान. कार्बनसाठी ४ ते ५ सुद्धा असतो. तोच प्रमाण. क्लॅम्पवर एक आणि फ्रेमवर दुसरा आकडा असेल तर कमी असलेला पाळायचा.

५ न्यूटन मीटर म्हणजे किती, हे हाताला समजलं पाहिजे. १० सेंटिमीटर लांबीच्या अ‍ॅलन कीच्या टोकाला सुमारे ५ किलोचा जोर. बस, एवढाच. मनगटानं सहज लागतो. दात-ओठ खाऊन पिळलं की हा आकडा कधीच मागे पडतो, आणि बोल्ट असतो जेमतेम ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीचा. धातूच्या सायकलीवर सरावलेला हात एक वेळ चालून जाईल. कार्बन कुठेही असेल तर टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की कळवणारा पाना) घ्याच. धातू जास्त दाबला तर दबतो आणि तसं दिसतं. कार्बन आतल्या आत चिरडला जातो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी एका झटक्यात मोडतो.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली थेंबभर ग्रीस लावा. कोरड्या आट्यांवर रेंच ‘पाच झाले’ म्हणून टिचकी देतो, पण त्यातला बराच जोर आट्यांच्या कुरकुरीत खर्च झालेला असतो, क्लॅम्पपर्यंत पोहोचतच नाही. (ग्रीस बोल्टला, पेस्ट दांड्याला. कार्बनच्या सायकलीवर काम करताना दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या की माझी बोटं हमखास घोळ करतात, म्हणून आधी बोल्टचं काम उरकून हात धुवून घेतो.)

क्लॅम्पला बोल्टाऐवजी झटपट उघडणारी खिट्टी असेल तर ती नटासारखी गोल गोल फिरवायची नसते. ती मिटायची असते. मिटताना अर्ध्या वाटेवर जड लागायला हवी आणि पूर्ण मिटेपर्यंत तळव्यावर तिचा ठसा उमटायला हवा. बोटानं सहज मिटली तर सैल आहे. उघडून समोरची चकती थोडी फिरवा, मग मिटा.

सीटची उंची हा वेगळा विषय आहे, पण सुरुवातीला एवढं पुरतं: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पंजानं चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे. उंची ठरली की क्लॅम्पच्या अगदी वर दांड्याला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक वेढा गुंडाळा. सीट सरकतेय की नुसता भास होतोय, हे पट्टीची कड आत गेलीय का यावरून लगेच कळतं.

दांड्याच्या डोक्यावर सीटच्या दोन तारा धरणारे जबडे असतात, तिथले बोल्ट विसरले जातात. एकच जाड बोल्ट असेल तर त्याला क्लॅम्पच्या बोल्टपेक्षा बराच जास्त टॉर्क लागतो, तोही त्याच्यावरच लिहिलेला असतो. पुढे-मागे दोन बोल्ट असतील तर आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच आधी पूर्ण पिळला तर सीटचं नाक वर किंवा खाली जातं आणि त्या बोल्टवर वाकवणारा ताण येतो. तारांवर पुढे-मागे मर्यादेच्या खुणा असतात, जबडा त्यांच्या आतच बसला पाहिजे. वळणापाशी धरला तर तार तिथेच तुटते. आणखी एक: धातूच्या तारा ७ मिलिमीटरच्या गोल असतात, कार्बनच्या बहुधा ७ बाय ९ च्या लंबगोल. गोल तारेच्या जबड्यात लंबगोल तार कोंबू नका, तिच्यासाठी वेगळे जबडे मिळतात. नवीन सीट बसवल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर हे बोल्ट पुन्हा तपासा. सगळे भाग जागेवर बसले की ते किंचित सैल पडतात.

पुढची देखभाल

अगदी कमी आहे, म्हणूनच राहून जाते. वर्षातून दोनदा दांडा पूर्ण बाहेर काढायचा, पुसायचा, नळी आतून पुसायची, नवं ग्रीस किंवा पेस्ट लावून परत पट्टीच्या खुणेवर बसवायचा. दहा मिनिटांचं काम. पावसात चालवत असाल किंवा घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) घाम गाळत असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी. ट्रेनरवाल्यांना हे पटत नाही, कारण त्यांची सायकल घराबाहेरही पडत नाही. पण वारा नसतो, घाम थेट दांड्यावरून चिरेत ओघळतो, आणि घामाइतकं खारट पाणी रस्त्यावरही क्वचितच उडतं. दांडा बाहेर असताना सायकल उलटी करून बघा. नळीतून पाणी आलं तर ते आधीपासून खाली पेडलच्या बेअरिंगपाशी साचत होतं.

करकर आवाज येत असेल तर आधी तो कुठून येतो ते शोधा. बसून पेडल मारताना येतो आणि उभं राहिलं की थांबतो, तर सीट किंवा दांडा. दांडा काढून साफ करून बसवल्यावरही राहिला तर जबड्यांमध्ये माती अडकलेली असते.

दांडा बाहेर असताना तो उजेडात फिरवून बघा. अ‍ॅल्युमिनियमला थकवा येतो. रोजचे लहान लहान धक्के साठत जातात आणि एक दिवस केसासारखा तडा दिसतो, बहुधा क्लॅम्पच्या कडेवर किंवा डोक्याच्या खाली. बोटाचं नख फिरवा. नख अडतं तिथे थांबून नीट पाहा. कार्बनवर पांढुरक्या रेषा, उकललेले धागे किंवा दाबला की मऊ लागणारा भाग दिसला तर विषय संपला. जोरात पडला असाल आणि सीटला मार बसला असेल तर काही दिसलं नाही तरी कार्बनचा दांडा बदलावा, असं माझं मत आहे. बटणानं खाली-वर होणारा दांडा असेल तर एवढंच लक्षात ठेवा: त्याचा क्लॅम्प जरा जास्त आवळला की आतली नळी अडकून अडकून चालते. म्हणजे सीट वर यायला आळस करत असेल तर पहिला संशय क्लॅम्पवर घ्या.

आणि दांडा निघतच नसेल तर? क्लॅम्प पूर्ण काढा, चिरेतून आणि कडेवरून गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा सोडा. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. वर ओढू नका. आधी भुकटीची पकड फिरवूनच मोडते. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा असेल तर गार करणं कामी येतं, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं. दांड्याच्या बाहेरच्या भागाला बर्फाची पिशवी बांधा. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका पडतो, पण भुकटी तडकायला कधी कधी तेवढाही पुरतो. तापवण्याचा मोह टाळा: तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि आणखी घट्ट बसतं, रंग जळतो तो वेगळाच, आणि कार्बन असेल तर त्याचे धागे बांधणारी राळच मऊ पडते. कॉस्टिक सोड्यानं दांडा विरघळवायचा उपायही सांगितला जातो. त्यातून हायड्रोजन निघतो, उकळी फुटते, डोळ्यांत उडालं तर डोळा जातो, आणि फ्रेमही अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तीही विरघळते. दोन दिवस तेल घालूनही दांडा तसूभर फिरला नाही तर फ्रेमचं काम करणाऱ्याकडे न्या.

तडा गेलेला दांडा कचऱ्यात टाकताना हॅकसॉनं मधोमध कापून टाका. पूर्ण दिसणारा दांडा कुणीतरी उचलतो, पुसतो आणि दुसऱ्या सायकलीत बसवतो.